कुलूप मीच काढलं

"शिंगणापुरात घरांना दारं न्हाईत, आन ही बाई कॉम्प्युटरला कुलूप लावती."

अण्णा असं म्हणाले आणि ऑफिसातले सगळे हसले. अण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पाथर्डी तालुक्यात ऊसतोड्यांच्या पोरींचं वसतिगृह चालवते ही संस्था. ऊसतोड सुटल्यावर मी तिथं आधी भाकरी थापायचे. चूल विझली की ऑफिसात बसायचे आणि बघून बघून कॉम्प्युटर शिकले. कुणी शिकवलं नाही हो. पुढं प्रवेशाची फाईल माझ्याच हातात आली.

फाईल एकच, कॉम्प्युटर तीन. ज्यानं त्यानं आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत जायचं. प्रवेशाची नावं बदलायचा हक्क फक्त मला. अण्णांना नुसतं बघता यायचं. आणि जे बदललं त्याच्यापुढं बदलणाऱ्याचं नाव उमटायचं.

त्या दिवशी अण्णांना एक नाव घालायचं होतं. जमेना. म्हणून मला बोलावलं. माझ्याकडं न बघता बाकीच्यांना म्हणाले, "कालपरवापतोर हिच्या हातात कोयता हुता. आता मला पासवर्ड ईचारती."

मी उभी. समोर खुर्ची रिकामी. बस म्हणालं नाही कुणी.

"काढून टाक ती कुलपं. आमी काय चोर हाय का?"

नाही म्हणता आलं असतं. पण लाज वाटली बघा. आपणच लई शहाणपणा करतोय असं वाटलं. अ‍ॅडमिन म्हणून आत गेले, सगळ्यांना सगळे हक्क दिले, अ‍ॅडमिनचा पासवर्ड काढला. मग एका कोऱ्या, बिनकुलपाच्या फाईलीत सगळी नावं ओढून घेतली. झालं. आता कुणीही यावं, काहीही करावं.

"हुशार हाय म्हातारी," अण्णा म्हणाले.

मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून सलतंय.

दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. तिसगावकडची इंदू लेकीला वसतिगृहात ठेवायला घेऊन आली. कोमल, सातवीतली. तिचं नाव मी माझ्या हातानं घातलं होतं. "बिनघोर जा," इंदूला सांगितलं होतं. फाईल उघडली तर कोमलच्या जागी दुसरीच पोरगी. बागायतदाराची, बापाचा नगरात बंगला. कुणी बदललं? पुढं लिहिलेलं, अ‍ॅडमिन. कुलूप गेल्यापासून फाईल कुणाचं नावच विचारत नव्हती, सगळेच अ‍ॅडमिन. अण्णा अ‍ॅडमिन, शिपाई अ‍ॅडमिन, मी अ‍ॅडमिन.

अण्णांना विचारलं.

"तूच चुकली आसशील. वय झालं तुझं."

काय दाखवणार होते मी? दाखवायचं ते मीच पुसलेलं.

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. "जाऊ द्या मावशी, पुढल्या साली बघू," इंदू म्हणाली. तीच माझी समजूत घालत होती. कोमल दप्तरासकट वर चढली. भांडी, कोंबड्या, चिपाडं, त्यात बसली. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. त्या ट्रकवर तिच्याच वयात मी बसलेली आहे. मला खाली उतरवायला कुणी नव्हतं. तिला मी होते. आणि मीच तिला वर चढवलं.

कुलपं काढायच्या आधीची जुनी फाईल मी नक्कल करून ठेवली होती. यंदा प्रवेश सुरू व्हायच्या आधी तीच परत लावली, कुलपांसकट. आणि यंदाची नावं भरून यादी छापली, फाटकावर चिकटवली. अण्णा आले.

"हे काय?"

मी यावेळी खुर्चीत बसूनच होते.

"तुमचं नाव टाका आन बघा, अण्णा. बदलता न्हाई येनार."

"काढ ते."

"न्हाई."

"शिंगणापुरात—"

"तितं शनिदेव राखन करतो. हितं कोन करनार?"

"मग तुलाच काढतो."

"काढा. तुमच्या सहीनिशी काढा."

यादीत कोमलचं नाव पहिलं घातलंय. ती आली नाही. उसाच्या मोळ्या बांधते आता, शाळेत बसू वाटत नाही म्हणते. तिची खाट मी कुणाला देत नाही. मला काढतील, काढू देत. पण मी आहे तोवर त्या फाईलीत बिननावाचा हात जाणार नाही. माझासुद्धा.