मिलिंदच्या घरबसची गरम चाकं

"चावी द्या, काकू."

"नाही देणार."

"गाडी माझी आहे!"

"असेल. चावी माझ्या कमरेला आहे!"

हे चाललं होतं स्वारगेटच्या मागे, माझ्या ब्रेकच्या गॅरेजात, भर दुपारी. समोर मिलिंद, सॉफ्टवेअर कंपनीतला इंजिनिअर. त्याच्या मागे त्याची बस. शेजारी स्टुलावर चहा घेत बसलेल्या त्याच्या आई, माई. माईंनी बहात्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट उतरून मिलिंद त्यांना तो दाखवणार होता. आणि मी म्हणत होते, या ब्रेकवर घाट उतरायचा नाही!

ब्रेकच्या गॅरेजात किस्से झिजलेल्या ब्रेक-लायनरच्या काळ्या भुकटीसारखे साठतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा थर! माझ्याकडे चाळीस वर्षांचा थर आहे. पण या एकट्या बसनं जेवढी भर घातली तेवढी बाकीच्या सगळ्यांनी मिळून घातली नसेल.

*

ही बस आधी एका कारखान्याच्या कामगारांना नेणारी. कारखाना बंद पडला, बस लिलावात निघाली. तेव्हा कंप्युटरवाल्या पोरांच्या हातात नवा पैसा खुळखुळत होता. कुणी फ्लॅट घेतला, कुणी मोटार. मिलिंदनं बस घेतली आणि आत संसार थाटला! पलंग, ओटा, सिंक, बाथरूम, सगळं. नाव ठेवलं घरबस.

पहिल्यांदा आला तेव्हा मागच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. हवेचे ब्रेक पाय काढला की सुटायला हवेत, ते चिकटून घासत होते.

"हँडब्रेक ओढून चालवलीत का?" मी विचारलं.

"काकू, मी इंजिनिअर आहे."

"म्हणूनच विचारलं."

त्या दिवशी माई बसमधून उतरल्या त्या निळी प्लास्टिकची बादली आणि आंघोळीचा मग घेऊन. मिलिंद हसून हसून बेजार. "आई, आत प्रेशरचा शॉवर आहे! आता बादली कशाला?" त्यानं बादली मगासकट माझ्याच गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून दिली. माईंनी जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

*

दुसऱ्या खेपेला मी ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घातलं. साहेबांनी तिथं जाडजूड गालिचा अंथरलेला! त्याची घडी ब्रेकच्या पेडलवर चढलेली, पेडल पुरतं वर येईना. मी ब्लेड काढलं आणि गालिच्याचा कोपरा उडवला.

"काकू, पर्शियन होता तो!"

"आता पुणेरी झाला. गरजेपुरता!"

हा एक दोष होता. पण एकच नव्हता. आठ दिवसांत चाकं पुन्हा तापली.

माई आल्या की पहिला प्रश्न एकच. "माझी बादली बरी आहे ना?" माहेरच्या माणसाची चौकशी करावी तशी!

*

तिसऱ्या वेळी बस ओढूनच आणावी लागली. हायवेवर धूर दिसला, तेव्हा मिलिंदनं शॉवरचा पाइप खिडकीतून बाहेर काढला आणि चाकाच्या तापलेल्या ब्रेक-ड्रमवर गार पाणी मारलं. बिडाचा ड्रम तो. 'टण्ण' करून तडकला!

"मग मी काय करायला हवं होतं?"

"थांबायचं. आपोआप निवू द्यायचं. पण पुण्यात थांबणं कुणाला जमतंय!"

माझा मेकॅनिक सलीम खालून म्हणाला, "बाई, सिग्नलला तरी कोण थांबतंय?"

*

मग मिलिंदनं कंप्युटरवर तक्ता केला. वेग, चढ, ऊन, वजन, चाकाची गरमी. बारा पानं! म्हणाला, "काकू, यात पॅटर्नच नाही."

मी म्हटलं, चला, फिरवून आणा मला. माईंनाही घेऊन कात्रजच्या रस्त्याला लागलो. मी पुढे बसून हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवून. चहा झाला, माई मागे कप विसळायला उठल्या, आणि काटा खाली यायला लागला!

"माई, नळ बंद करा."

काटा वर.

"उघडा."

काटा खाली!

गॅरेजात येऊन बसखाली शिरले. ब्रेकच्या हवेच्या टाकीतून एक हिरवी नळी थेट पाण्याच्या टाकीला गेलेली. शॉवरला प्रेशर हवं म्हणून यानंच जोडलेली! या गाडीचा हँडब्रेक स्प्रिंगचा. हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून धरते. हवा कमी झाली की स्प्रिंग हळूच पुढे येते आणि चाक घासायला लागतं. यांचं निघणं पहाटे पाचचं, आणि माईंची आंघोळ चालत्या गाडीत, शॉवरखाली स्टूल ठेवून!

बारा पानांत सगळं होतं. आंघोळीचा कॉलम नव्हता!

*

तर भांडण हे होतं. मी म्हणत होते, नळी तोडणार, मग चावी देणार.

"नळी तोडली तर शॉवरला प्रेशर राहणार नाही. नुसतं ठिबकेल! आईसाठीच केलंय मी हे सगळं. पुढच्या महिन्यात वेगळा पंप बसवतो."

"मग घाटही पुढच्या महिन्यात."

"आईचं वय बहात्तर आहे, काकू!"

"माझं चौऱ्याहत्तर आहे. मलाही समुद्र बघायचाय, पण उतारावर थांबत थांबत!"

तेव्हा तो चिडला आणि नको ते बोलला. "तुमच्याकडे सर्टिफिकेट तरी आहे का?"

सलीमच्या हातातला पाना खाली पडला.

मी चौथी पास. नवरा गेल्यावर गॅरेज हातात आलं, तेव्हा ब्रेकचं इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलंय. एका पानाला आठवडा लागायचा. म्हटलं, "साहेब, मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं. तुम्हाला डिक्शनरी लागत नाही, म्हणून तुम्ही वाचलंच नाहीत!"

मिलिंदचा चेहरा उतरला. पण चावीसाठी पुढे केलेला हात काही मागे घेईना. "आईची आंघोळ व्हायला हवी, काकू. त्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. तिची आबाळ करून समुद्र कसला दाखवू?"

माईंनी चहाचा कप खाली ठेवला. उठल्या, कोपऱ्यात गेल्या, पदरानं बादलीवरची काळी भुकटी पुसली, आंघोळीचा मग आत टाकला आणि बादली घेऊन बसच्या पायरीवर चढल्या. तिथून वळून म्हणाल्या,

"मिलिंदा, तुझा तो शॉवर मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही, पण तू एवढा खूश होतास, म्हणून रोज त्याच्याखाली बसत होते."