वेलांटीबाईंची शिफारस

चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांखालून हजारभर पुस्तकं गेली होती. पण त्यातल्या एकाचीही गोष्ट त्यांना धड सांगता आली नसती. शब्द न् शब्द वाचलेला, पण धान्यातले खडे निवडावेत तसा. कुठला अनुस्वार गळलाय, कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ झालंय, एवढंच त्यांना दिसायचं.

धाकटी बहीण लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिनेच त्यांना बळेबळे वाचनालयातल्या वाचकगटात नेलं. महिन्यातून एकदा दहा-बारा जण लांब टेबलाभोवती जमायचे आणि सध्या काय वाचतोय, इतरांनी काय वाचावं, ते सांगायचे. पहिल्याच दिवशी बाईंची पाळी आली.

"एक्केचाळिसाव्या पानावर 'पाणी'तली वेलांटी ऱ्हस्व पडलीय," त्या म्हणाल्या. "सत्तावन्नवर अवतरणचिन्ह बंद केलेलंच नाही."

"अहो, पण पुस्तक कसं आहे?" निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं.

"तेच तर सांगतेय!"

एकच हशा पिकला. तेव्हापासून त्या गटाच्या वेलांटीबाई झाल्या. स्वतःही हसल्या.

"ताई, राग आला का गं?" घरी जाताना बहिणीने विचारलं.

"राग कसला! सगळे किती रंगून सांगत होते. माझ्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतंच."

पुढच्या खेपेला पोस्टमास्तरांनी एक जाडजूड कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. नदीवर होडी चालवणाऱ्या दोन बहिणींची. बाई दुपारी पेन्सिलीला टोक काढून बसल्या. दहा पानांत चार खुणा केल्या. मग गोष्टीतल्या धाकटीने रागाच्या भरात, मोठीला न सांगता, पुरात होडी सोडली. बाईंनी मान वर केली तेव्हा चहा गारढोण झाला होता, पेन्सिल खुर्चीखाली घरंगळली होती आणि पान होतं एकशे बत्तीस. मागे जाऊन तपासावं का? हात पानावर थबकला. छे! धाकटीचं काय झालं ते आधी कळायला हवं होतं.

गटात कुणी उठून बोलत नसे. पुढच्या बैठकीत बाई मात्र उभ्या राहिल्या.

"दहाव्या पानापुढे यात चुका किती, मला ठाऊक नाही."

"म्हणजे?" औषधांच्या दुकानाचे मालक चकित झाले.

"म्हणजे बघितल्याच नाहीत. मी होडीत होते."

मग वीस मिनिटं त्या बोलत होत्या. पुराचं पाणी, बहिणींचा अबोला, मोठीने किनाऱ्यावरून मारलेल्या हाका... शेवट तेवढा राखून ठेवला. पोस्टमास्तर शेजाऱ्याच्या कानाला लागले, "हेच पुस्तक मी वाचलं होतं ना?"

त्या दिवशी सात जणांनी पुस्तकासाठी नाव नोंदवलं. कोपऱ्यात बसलेल्या बहिणीची छाती अशी फुगली होती, जणू कादंबरी तिच्याच घरात लिहिली गेली होती.

दोन महिन्यांनी दुकानाचे मालक मोठ्या ऐटीत आले. "बाई, तुमच्या पुस्तकात सतरा चुका सापडल्या!"

"मोजत बसलात, म्हणजे गोष्ट हुकली तुमची," बाई म्हणाल्या. "परत वाचा बघू."

आणि मालकांनी मुकाट्याने पुस्तक परत घरी नेलं. वाचनालयाला त्याच्या आणखी दोन प्रती आणाव्या लागल्या. हे बाई आल्यागेल्याला सांगतात, कुणी विचारलं नाही तरी.