फक्त नंबर बघा

व्हर्ना स्टिडम शाळेची बस चालवते. डोंगरातल्या त्याच एका रस्त्यावर तिचं इतकं आयुष्य गेलंय, की पूर्वी तिच्या बसमध्ये ओकणाऱ्या पोरांची पोरं आता तिच्याच बसमध्ये ओकतात. नवरा खाणीतल्या धुळीने छाती भरून गेला. लेक ओहायोत. घरी एक म्हातारं कुत्रं आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नसतो.

रेल्वेच्या रुळांपाशी तिने बस थांबवून दार उघडायचं, हात वर करायचा, की पोरं एकदम चिडीचूप. आधी कानाने ऐकायचं, मग डोळ्यांनी बघायचं, मगच रूळ ओलांडायचे. एके दिवशी कानावर काही आलं नाही, पण डावीकडे उजेड चमकला. ती थांबली. थांबूनच राहिली.

"मिस व्हर्ना, गाडी कुठंय?"

"येतेय."

"काल पण येतच होती!"

सगळी बस खिदळली. गाडी नव्हतीच. उजेड तिच्या डोळ्यात होता, आणि सोबतीला चिलटांसारखे काळे ठिपके.

डेपोत कॉफी पिताना तिने हे लॉनीला सांगितलं. लॉनी दुसऱ्या बसवरचा, तोंडाळ पण जीव लावणारा.

"डोळे तपासून घे," तो म्हणाला. "पण तोंड मिटून."

"म्हणजे?"

"चष्म्याचा विमा वेगळा, आजारपणाचा वेगळा. 'फक्त नंबर बघा' म्हणालीस तर दहा डॉलरमध्ये सुटशील. चमकतंय, ठिपके दिसतात, असं काही बोललीस की खुर्ची तीच, डॉक्टर तोच, पण बिल जाणार आजारपणाच्या कार्डावर. तिथे आधी काही हजार तू भरायचे, मग विमावाले खिशात हात घालणार. माझ्या बायकोने नुसतं 'डोकं दुखतं' म्हटलं, तर बिल त्याच कार्डावर गेलं. तिचं बोलणं मला फुकटातसुद्धा परवडत नाही, त्यात हे!"

व्हर्ना हसली. पण ते तिच्या डोक्यात बसलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर केल्सी होती, एके काळी व्हर्नाच्याच बसमध्ये येणारी.

"सीटखाली च्युइंगम चिकटवायचीस तू."

"असेल अजून, बघा," केल्सी हसली. "सोमवारपासून आमचा मुलगा ब्रायसन येतोय तुमच्याकडे. रडतोय नुसता. मी म्हटलं, घाबरतोस काय, मिस व्हर्नाला सगळं दिसतं."

व्हर्नाने पर्सचा बंद उगाच नीट केला. "केल्सी, समजा एखादीने डॉक्टरांना काही सांगितलं, तर किती होतात गं?"

"ते आधी नाही सांगता येत. बिल गेल्यावर विमावाले ठरवतात."

"बटाट्यांवरसुद्धा भाव लिहिलेला असतो, पोरी."

केल्सीने फॉर्म पुढे सरकवला. हे तिने बऱ्याच जणांकडून ऐकलं असावं.

आत डॉक्टरांनी विचारलं, "काही तक्रार?"

"नाही. फक्त नंबर बघा."

तिने खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. डॉक्टर खूश झाले. "थेंब घालून आतला पडदा बघू का? संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल, बस चालवता येणार नाही."

दुपारची फेरी म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार. राहू दे, म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि डावीकडे पुन्हा चमकलं. तिला काल सकाळचे रूळ आठवले. काल ती थांबली नव्हती. चमकलं, पण हे आपल्या डोळ्यातलंच, असं म्हणून तिने बस पुढे काढली होती. नव्हती गाडी. पण काल गाडी असती, तरी व्हर्ना हेच म्हणाली असती.

"डॉक्टर," ती थकल्या आवाजात म्हणाली, "मी खोटं बोलले."

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. थेंब घातले, बराच वेळ डोळ्यात बघत राहिले. डाव्या डोळ्याचा पडदा कडेला फाटला होता. उद्याच लेक्सिंग्टनच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन लेझर करायला हवं. थांबलात तर डोळा जाईल, म्हणाले. आणि तोवर बस नाही.

बाहेर केल्सीने खाली बघत विचारलं, "मिस व्हर्ना, ते दुसरं कार्ड द्याल?"

समोर सगळं धुकं होतं. व्हर्नाने पर्सच काउंटरवर ठेवली. "तूच शोध, बाई."

दुपारी लॉनीने तिला घरी सोडायला आपल्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसवलं. डोळ्यांवर दवाखान्याचा कागदी काळा चष्मा बघून मागची पोरं फिदीफिदी हसत होती.

"बोललीस ना?"

"बोलले."

"किती लागणार?"

"कळवतील म्हणे."

लॉनीने मान हलवली. व्हर्नाने काचेला डोकं टेकलं. गेल्या कित्येक वर्षांत ती बसमध्ये अशी नुसती बसली नव्हती.

रूळ आले. लॉनीने दार उघडलं, हात वर केला. पोरं गप्प झाली. व्हर्नाच्या डाव्या डोळ्यात उजेड चमकून गेला.

"गाडी आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"नीट बघ, लॉनी."

त्याने पुन्हा एकदा दोन्हीकडे नीट बघितलं. मग बस हळूच पुढे काढली.