चुलीजवळ वाळवलेले बूट

राग्नफ्रिडने उजवा बूट हातात घेतला आणि चवड्यापाशी वाकवला. घडीवर चामडं बारीक तडकलं.

"चुलीजवळ वाळवलेस," ती म्हणाली.

चाळीस वर्षं आयलिफने डोंगरातल्या रस्त्यांना दगडी भिंती घातल्या होत्या, आणि बूट दुरुस्त करणाऱ्या या बाईशी खोटं बोलून काही उपयोग नाही हेही त्याला तेवढ्याच वर्षांपासून ठाऊक होतं.

"गेल्या हंगामात, शेवटच्या दिवशी. फार भिजले होते."

"तू? वीस वर्षं याच गोष्टीवरून कोल्बेनचं डोकं खाल्लंस."

"त्याला सांगू नकोस."

तिने या बुटांना तीनदा नवे तळ लावले होते. आता टाका धरेल असं चामडंच उरलं नव्हतं. दहा सप्टेंबरला डोंगरी तित्तिरांची शिकार सुरू व्हायची, म्हणजे हातात बावीस दिवस. त्याची सेटर जातीची शिकारी कुत्री तिरिल अकरा वर्षांची झाली होती आणि पुढच्या वर्षी ती डोंगरावर येईल असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. शिवाय आयलिफशिवाय ती कुणासाठी पक्षी शोधत नसे. एकदा कोल्बेन तिला घेऊन गेला, तर अर्ध्या वाटेतून परतून अंगणात येऊन बसली. बूट जमले तर तिचा हंगाम होणार होता, नाही तर नाही.

कोल्बेन म्हणजे आयलिफच्या बायकोचा भाऊ. तो आपले नवे कापडी बूट घेऊन कॉफीला आला.

"असले घे. पहिल्या दिवसापासून चपला घातल्यासारखे वाटतात."

आयलिफने एक बूट दोन्ही हातांनी पिळला. फडक्यासारखा पिळला गेला.

"दगडांच्या उतरणीवर पायही असाच पिळेल."

"तुझा पाय दगडाचाच आहे, त्याला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आयलिफ दुकानात गेला, तर राग्नफ्रिडने त्याला दारातूनच परत पाठवलं. "सकाळचा पाय बारीक असतो. दिवसभर राब, मग चारला ये. आणि डोंगरावर घालतोस तेच मोजे आण."

त्याने दिवसभर हिवाळ्याची लाकडं रचली आणि लोकरी मोजे खिशात घालून चारला गेला. उजव्या पायाची करंगळी कधीकाळी दगडाखाली चेपून शेजारच्या बोटावर चढून बसली होती. बूट निवडायचा तर तिच्या मर्जीने.

पहिल्या जोडीत टाच उचलली जात होती. दुसरी घोट्याला छान बसली, पण आतली शिवण नेमकी करंगळीवरून जात होती. तिसरी उभं असताना अगदी मापाची वाटली. आयलिफ ती घालून दुकानामागच्या माल चढवायच्या उतारावर गेला आणि दणदण खाली उतरला. अंगठा पुढे आपटला.

"चांगली होती की," राग्नफ्रिड म्हणाली. तीही त्याला जोखतच होती.

"दुकानात. डोंगर सगळा खालीच उतरायचा असतो."

चौथी जोडी जड होती. वरचं चामडं एकाच तुकड्याचं, जाड, तळ शिवलेला. अर्धं माप मोठी. उतारावर अंगठा मोकळा राहिला, टाच जागची हलली नाही. फक्त करंगळी टोचत होती. राग्नफ्रिडने तिथे खडूने खूण केली, पायाच्या आकाराच्या लाकडी कलबुतावर त्या जागी एक गोटी बसवली आणि बूट दोन दिवस त्यावर ताणून ठेवला.

उरलेलं काम आयलिफचं होतं. तो बूट घालून ओढ्यात उभा राहिला, चामडं पुरतं भिजेपर्यंत. मग ते पायातच वाळेपर्यंत चालला. सुरुवातीला दोन किलोमीटर, मग पाच, मग खाणीच्या जुन्या रस्त्याने, पाठीवर दगड घेऊन.

"दगड नेतोयस की आणतोयस?" कोल्बेनने कुंपणावरून विचारलं.

"दोन्ही."

सहाव्या दिवशी टाचेला फोड आला. त्याने बुटाला दोष दिला नाही. नाडी तपासली. खालपासून वरपर्यंत सारखीच आवळत होता. पायाच्या उंचवट्यावर ती सैल सोडली, घोट्यापाशी गाठ मारून अडवली आणि तिथून वर घट्ट बांधली. मग फोड आला नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने पाणी आत शिरू नये म्हणून शिवणींत बोटाने डांबर-चरबी चोळली.

शिकारीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कोल्बेन एका धोंड्यावर बसून टाचेला पट्टी लावत होता. तेवढ्यात खाली, दगडांच्या उतरणीपलीकडे, खुज्या बर्चच्या झुडपांपाशी, पक्ष्यांचा वास लागून तिरिल थिजली. पुढचा एक पाय उचललेला. तीनशे पावलं तरी होती. तरुणपणी ती अशी पाव तास उभी राही. आता तिचे मागचे पाय थरथरत होते.

आयलिफ सरळ खाली निघाला. दगड हलत होते, घोटा हलत नव्हता. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपण पायांकडे पाहिलेलंच नाही. तो पोचला तेव्हा ती अजून उभी होती. पक्षी उडाले, त्याने बार काढला, एक पडला. तिरिल तो तोंडात धरून सावकाश घेऊन आली आणि त्याच्या बुटावर ठेवून तिथेच बसली.

"झालं," तो तिला म्हणाला. "आता झोप काढ."

शिकारीच्या झोपडीत परत आल्यावर कोल्बेनने आपले भिजलेले बूट चुलीशी ठेवले आणि बोलणी खायच्या तयारीने वळून पाहिलं. आयलिफने आपले बूट दारालगतच्या खिळ्याला टांगले आणि वर्तमानपत्राचे बोळे करून आत कोंबू लागला.

"बोल की," कोल्बेन म्हणाला.

"माझे जुने इथेच मेले. याच चुलीजवळ, मीच ठेवले होते."

कोल्बेनने ब्रेडवर तपकिरी चीजचा जाड काप ठेवला, शांतपणे अर्धा खाल्ला.

"वीस वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या बहिणीला माहीत आहे?"

"नाही."

"मग या खेपेला भांडी तू घासायचीस. पुढच्या खेपेलाही."

"बरं."

कोल्बेन उठला आणि आपले बूट चुलीपासून उचलून दाराशी घेऊन आला. "दे थोडा कागद."

आयलिफने उरलेलं वर्तमानपत्र पुढे केलं. "कोड्याचं पान तेवढं सोड. माझं अर्धं व्हायचंय."