कागदातलं मेंढरू

माझे वडील मिशनची धर्मपुस्तकं विकत. जाडजूड ग्रंथ नव्हेत, बोटभर जाडीच्या पुस्तिका. पिशवी खांद्याला अडकवायची, मोहोळ, अक्कलकोट, जिथं बाजार असेल तिथं जायचं आणि झाडाखाली सतरंजी अंथरून बसायचं, हे काम त्यांनी पंधरा वर्षं केलं. लोक पुस्तक हातात घेत, पानं बोटांनी चाचपत, "कागद झ्याक हाय," म्हणत आणि परत ठेवत. बाबा सलाम करून पुढच्या माणसाकडं बघत.

मी अठरा वर्षांची होते त्या साली मोहोळच्या बाजारात एका वाण्यानं त्यांचा अख्खा गठ्ठा घेतला. पुढच्या बाजाराला दुसरा घेतला, आणि आणखी आहेत का म्हणून विचारलं. बाबा घरी आले ते जेवायचंच विसरले. आईनं कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

रविवारी मिशनच्या देवळात पाळकसाहेबांनी मोहोळला झालेल्या धर्मजागृतीबद्दल आभाराची प्रार्थना केली. मिशनच्या गोऱ्या मडमसाहेबांनी ती हकीकत आपल्या देशातल्या मासिकाला लिहून पाठवली. बाबा पुढच्या बाकावर बसून राहिले. त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

मला तेव्हा वाचनाचं वेड होतं. आम्ही राहायचो त्या मिशनच्या कंपाउंडच्या वाचनालयात पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि किल्ली पाळकसाहेबांकडं होती. एक पुस्तक परत केलं की ते त्याचा सारांश विचारायचे, आणि तो आवडला नाही तर तेच पुस्तक पुन्हा देत. त्यामुळं काही पुस्तकं मी चार-चार वेळा वाचली. माझी श्रद्धाही बरीचशी वाचनाचीच होती. छापलंय म्हणजे खरं आहे, यापलीकडं मी कधी गेले नव्हते. पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं मी ठरवलं होतं, आणि त्यासाठी शनिवारी मिशनच्या पंचांपुढं मुलाखत होती. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. "वाचायला पुण्याला कशाला जायचं?" ती म्हणायची. "हितली अक्षरं संपली का?"

शुक्रवारी सकाळी, मिलचा भोंगा नुकताच झाला होता, तेव्हा कंपाउंडच्या फाटकातून एक धनगर आत आला आणि त्याच्यामागून तीस-चाळीस मेंढरं आली. तो मोहोळच्या पलीकडून लोकर घेऊन सोलापुरात आला होता. आमच्या ओट्यापुढं थांबून त्यानं मुंडाशातून एक कागद काढला.

"हे तुमचंच का?"

बाबांनी कागद पाहिला. त्यांच्या पुस्तिकेचंच पान होतं ते, वरची बाजू फाटलेली. "व्हय, आमचंच," ते म्हणाले. गावाकडच्या माणसाशी बोलताना ते आपोआप तसं बोलत.

"मग ह्यातल्या धनगराचं गाव सांगा."

"कशाला?"

"माझं मेंढरू हाय त्याच्याकडं."

बाबांनी त्याला बसायला सांगितलं. मी पाणी आणलं. पाणी पिऊन त्यानं सगळं नीट सांगितलं. "आमच्या गावच्या मास्तरानं तीनदा वाचून दावलं. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून हा मानूस एकाच्या मागं गेला. ते त्याला घावलं. खांद्यावर टाकून घरी आनलं, शेजारीपाजारी बोलावले, सण केला. आता बगा, माझं मेंढरू गेल्या पौषात हरवलं. त्याची नव्व्याण्णव, माझं एक. शंभर पुरी झाली म्हनून सण केला की त्यानं."

मूळ गोष्टीत शंभरही मेंढरं त्या धनगराचीच होती, पण या पानावर शंभर हा आकडा नव्हता. तो फाटलेल्या भागात गेला होता. उरलेल्या मजकुरावरून धनगराचा हिशोब चोख होता.

बाबांनी मला पाळकसाहेबांना बोलवायला पाठवलं. पाळकसाहेब कोट घालून आले.

"हा दाखला आहे," ते म्हणाले. "असा धनगर कुणी नव्हता."

"न्हवता?"

"प्रभूनं सांगितलेली गोष्ट आहे ही. फार जुनी."

"मग खोटी हाय म्हना."

"छे, छे. अगदी खरी आहे."

"घडली न्हाय, पर खरी हाय."

"बरोबर."

धनगरानं माझ्याकडं पाहिलं. या घरात निदान एक तरी शहाणं माणूस असेल, अशा आशेनं पाहिल्यासारखं. मी खाली बघितलं. कपाटातली सगळी पुस्तकं वाचून झाली होती, सारांश सांगून झाले होते, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

तेवढ्यात मडमसाहेब आल्या. मोहोळकडचा माणूस पुस्तकाचं पान घेऊन आलाय एवढंच त्यांनी ऐकलं होतं. त्यांचं मराठी पुस्तकी होतं आणि आनंद झाला की ते आणखी पुस्तकी होई. "हे बंधो," त्या म्हणाल्या, "तू जे शोधत आहेस ते तुला खात्रीने मिळेल."

"कवा?"

"योग्य समयी."

"मग थांबतो," धनगर म्हणाला, आणि कडुलिंबाखाली घोंगडं टाकून बसला.

दुपारपर्यंत मेंढरांनी मडमसाहेबांची फुलझाडं बुंध्यापर्यंत खाल्ली. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. कॅमेरा आणला आणि धनगराला एक मेंढरू खांद्यावर घ्यायला सांगितलं. तो तयार होईना. "त्याचे पाय धड हायत की," तो म्हणाला. शेवटी तो नुसताच उभा राहिला आणि मेंढरांनी कॅमेऱ्याकडं पाठ केली. तोच फोटो मासिकाकडं गेला.

दुपारी बाबांनी त्याला भाकरी नेऊन दिली आणि सहज विचारलं, "पान कुटं मिळालं तुमाला?"

"वान्याकडं. गूळ आनला व्हता त्यात. आता समद्या पुड्या त्याच कागदात बांदतोय. लई झ्याक कागद. फुटत न्हाय."

बाबांनी ते पान नाकाजवळ नेलं. मग घडी करून त्याला परत दिलं आणि घरात येऊन जात्यापाशी बसले. मी जवळ गेले.

"दोन्ही गठ्ठे," ते म्हणाले.

"बाबा, कुणाला कळणार नाही."

"मला कळलं ना."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीला बाबाच मला घेऊन गेले आणि दारापाशी स्टुलावर बसले. पाळकसाहेब, मडमसाहेब आणि दोन पंच होते. मी काय वाचलंय ते त्यांनी विचारलं. पाळकसाहेबांनी माझ्या वतीनं यादी सांगितली, कारण ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. मग मडमसाहेबांनी वही उघडली.

"तुझ्या पित्याने मोहोळात जागृती पाहिली. ती कशामुळे झाली, असे तुला वाटते?"

प्रार्थनेमुळे, असं म्हणायचं होतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी बाबांकडं पाहिलं. ते आपल्या वहाणांकडं बघत होते.

"गुळामुळे," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. वाणी, पुड्या, फाटलेलं पान, हरवलेलं मेंढरू. पंचांपैकी एक मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते; त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यावर नेलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. बाबांचं काम आता गेलं, माझं पुणंही गेलं, असं धरून मी उभी राहिले.

मडमसाहेब बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्या वाण्याचा गूळ किती घरांत जातो?"

"सगळ्याच घरांत जातो," जॉबर म्हणाले.

"आणि आपण किती घरांत गेलो?"

ठराव झाला तो असा की वाण्याला लागतील तितकी पुस्तकं पुरवावीत. त्यासाठी प्रार्थनाही झाली. नंतर माझं काय, अशी कुणीतरी आठवण केली तेव्हा पाळकसाहेब डोळे न उघडता म्हणाले, "हिला लवकर पाठवलेलं बरं." माझी निवड झाली.

घरी येताना मी बाबांची माफी मागितली. "बरं केलंस," ते म्हणाले. "माझ्यानं ते बोलवलं नसतं." यानंतर तीन वर्षं ते त्या वाण्याला गठ्ठे पोचवत राहिले. तेल झिरपतं, कागद जरा जाड पाठवा, असा निरोप एकदा वाण्यानं दिला होता. तो त्यांनी पंचांना जसाच्या तसा सांगितला.

धनगर मात्र त्या शनिवारीही कडुलिंबाखालीच होता. रविवारी उपासना झाल्यावर बाबा त्याच्यासमोर जाऊन मांडी घालून बसले. मी मागं उभी राहिले.

"एवढं चालत आलात," बाबा म्हणाले. "तो धनगर भेटला असता आणि न्हाय म्हनाला असता, तर?"

"न्हाय म्हनायचा न्हाय."

"कशावरनं?"

"नव्व्याण्णव उगड्यावर टाकून एकाच्या मागं गेला. कोल्ह्या-लांडग्याचा इचार केला न्हाय. लई येडा मानूस असनार. पर असला मानूस दुसऱ्याचं ठिवून घेत न्हाय."

बाबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मी भेटनार हाय त्याला."

पाळकसाहेब लांबून बघत होते. नशिबानं त्यांना ऐकू गेलं नाही.

"कवा?" धनगरानं विचारलं.

"ते मला बी ठाव न्हाय. पर भेटनार हे नक्की. भेटलो की तुमच्या मेंढराचं इचारतो."

धनगरानं बाबांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. बाजारात जनावराचे दात बघतात तसं. बाबांनी नजर हलवली नाही. शेवटी धनगर म्हणाला, "डाव्या कानाला कात्रा हाय. कपाळावर पांढरा ठिपका. लिवून घ्या, इसराल." मी वहीत लिहून घेतलं. त्यानं घोंगडं उचललं, मेंढरं गोळा केली आणि फाटकातून गेला. पुन्हा आला नाही.

मी तोवर श्रद्धेवर पुष्कळ वाचलं होतं; दाखल्यातला धनगर म्हणजे प्रभू आणि तो एक दिवस भेटणार, हे परीक्षेत लिहिलंही होतं. पण मंगळवारी अक्कलकोटला जायचंय म्हणावं, इतक्या साध्या आवाजात कुणी ती बोलताना मी ऐकलं नव्हतं. बाबांनी धनगराची समजूत घातली की मनापासून सांगितलं, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. नंतर पुष्कळ दिवस मला वाटायचं की माझी श्रद्धा माझी नाहीच, वाचनालयातून आणलेली आहे, आणि केव्हातरी परत करावी लागेल. ते वाटणं पुण्यातही माझ्याबरोबर आलं.

जूनमध्ये मी निघाले. आई स्टेशनावर आली नाही. चटणीचा डबा तिनं घरातच माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसली. बाबांनी ट्रंक डब्यात चढवली, खिडकीपाशी आले.

"पत्र मोठ्या अक्षरात लिही," ते म्हणाले. "डोळ्यांनी नीट दिसत नाही मला. आणि पाळकसाहेबांकडून वाचून घेतलं की ते मधेमधे उपदेश घालतात."

पहिलं पत्र मी दोन बोटं उंचीच्या अक्षरांत लिहिलं. आख्ख्या कागदावर एवढंच मावलं: पोचले. बरी आहे. इथली आमटी पातळ आहे.

आठ दिवसांनी बाबांचं उत्तर आलं. त्यांनीही अक्षर तितकंच मोठं काढलं होतं. आई विचारते, किती पातळ?