समोरून नाटक न पाहिलेले मास्टर

आमच्या मूल गावच्या बाजारात नाटकांच्या गोष्टी सर्वात जास्त कोण सांगत असेल तर मास्टर. आणि त्या माणसाने उभ्या आयुष्यात समोर बसून एकही नाटक पाहिलं नव्हतं. कोणी म्हणेल म्हातारा फेकतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, फेकण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नाही.

मास्टर शाळेचे नव्हेत, शिलाई मशीनचे. मशिदीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारत असतील, बाकी सगळ्या बाजाराला ते मास्टरच. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या एका नाटक कंपनीचे सगळे कपडे मास्टर शिवत आणि प्रयोगालाही सोबत जात. पडद्यामागे सुई-दोरा घेऊन बसत. कोणाचं बटण तुटलं, कोणाचा घागरा उसवला, की तिथल्या तिथे टाका. मी म्हणायचो, "मास्टर, एक दिवस समोर येऊन बसा ना." ते म्हणत, "मी समोर बसलो आन मागं इन्स्पेक्टरची पँट फाटली, त कोण जाईल, तुमी?"

माणसाचा चेहरा ते नंतर पाहत, आधी शिवण पाहत. माझ्या पोराच्या लग्नात सारे लोक नवरदेव कसा दिसतो म्हणून विचारत होते. मास्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरगा चांगला हाये भाऊ, पण डावा खांदा पडला." मी घाबरलो, म्हटलं पोराला काय झालं. ते कोटाचं बोलत होते. नागपूरहून आणलेला कोट होता. मला रागच आला, पण पुढे फोटोत पाहिलं तर खांदा पडलेलाच होता.

पडद्यामागे बसून नाटक फक्त ऐकू येतं. त्यामुळे मास्टरच्या गोष्टी ऐकीव असत, आणि त्यांची चूक दाखवली की ते चिडत. एका नाटकात म्हातारी आई ठिगळाचं लुगडं नेसून इन्स्पेक्टर झालेल्या पोराच्या बंगल्यावर येते. पोरगा तिला आधी ओळखत नाही, मग ओळखतो आणि धाडकन तिच्या पायावर पडतो. मास्टरना फक्त ते 'धाड' ऐकू यायचं. ते दुकानात सांगत, "पोरगा मायले धक्का मारून पाडते." मी म्हणायचो, "अहो, तो पाया पडते!" ते म्हणत, "तुमी कुठी बसता? दूर. मी तिथी हाताच्या अंतरावर रायतो. मले शिकवता?" वर्षानुवर्षं हे भांडण चाललं. मीही ऐकणाऱ्यातला नाही, तेही नाही.

पण त्या प्रवेशाचं त्यांना खरं दुःख वेगळंच होतं. ते लुगडं त्यांनी फार जीव ओतून केलं होतं. नवं कापड वापरून जुनं दाखवायचं, ठिगळ असं लावायचं की लांबून गरिबी दिसली पाहिजे आणि ओढाताणीत टाका तुटला नाही पाहिजे. आणि नेमकं त्याच प्रवेशाला समोरून काहीच आवाज येत नसे. नाचणारीच्या घागऱ्याला शिट्ट्या, खलनायकाच्या कोटाला हशा, आणि लुगड्याला सगळं चिडीचूप. मास्टर म्हणत, "लोक झोपतात भाऊ. लुगड्यातच कमी हाये. गरिबी दिसून नाई राह्यली." मग दर मंडईला एक ठिगळ वाढवत. मी सांगितलं, लोक रडतात. म्हणाले, "तुमी दोस्त हा, तुमी असंच बोलसान." नटांनी सांगितलं तर म्हणाले, "त्याहिचा त धंदाच हाये गोड बोलाचा."

पुढे दम लागायला लागला आणि मास्टरचं कंपनीसोबत फिरणं सुटलं. शिवणं तेवढं चालू होतं. मग नागपूरची पोरगी म्हणाली, अब्बा, आता एकटं राहायचं नाही. ती रविवारी न्यायला येणार होती. त्या आठवड्यात मी दुकानात गेलो तर मास्टर ठिगळाच्या लुगड्याला जरीची किनार टाचून बसले होते! मी म्हटलं, "हे काय करता? भिकारणीले जरी?" म्हणाले, "जाता जाता एक टाळी त आली पाहिजे त्याले. चमक दिसली की वाजवतात लोक." उरलेल्या सगळ्या मंडयांत ती आई जरी नेसून फिरणार होती.

माझी सून शाळेत शिकवते. तिच्या टॅबलेटमध्ये त्याच नाटकाचा गेल्या मंडईतला व्हिडिओ होता, कंपनीनेच काढलेला. मी मास्टरना ऑटोत घालून घरी आणलं. टॅबलेट हातात दिला, तर त्यांनी तो नाकाला लावला. डोळ्याचं ऑपरेशन एकाच बाजूचं झालेलं. म्हणाले, "याच्यात त सारे मुंग्यावानी दिसतात. मुंगीनं काय घातलं, कसं समजन?"

म्हणून ते चित्र टीव्हीवर आणायचं ठरलं. मी आधीच बाजारातून वायर आणून ठेवली होती. एक टोक टॅबलेटमध्ये, दुसरं टीव्हीच्या मागे. टीव्ही म्हणे सिग्नल नाही. मी भोक बदललं. तरी नाही. सून म्हणाली, "मामाजी, हा टॅबलेट वायरनं चित्र देतच नाही. माझ्या मोबाईलचं इंटरनेट दोघांना जोडते, मग वायर लागत नाही." मी म्हटलं, "चित्र काय हवेतून उडत येईल? गप बस." आणि टीव्ही भिंतीपासून ओढून त्याच्या मागे डोकं घातलं. तिकडून मास्टरचा आवाज आला, "भाऊ, ते पोरगी बिनदोऱ्याचं शिवतो म्हणून राह्यली, त शिवू द्या ना! तुमी काऊन टीव्हीच्या पोटात शिरले?"

मी बाहेर आलो. डोक्याला जाळं लागलं होतं. सुनेने टॅबलेटमध्ये काहीतरी दाबलं, आमच्या टीव्हीचं नाव त्यात आलं. मी म्हटलं, नाव मी दाबणार. दाबलं. आणि खरंच हवेतून नाटक आलं की! पण टीव्हीच्या मधोमध एक उभी पट्टी, दोन्ही बाजूंना काळं. मी बटणं शोधायला लागलो. मास्टर ओरडले, "अरे बापा, आडवा धरा त्याले! एवढा पन्हा वाया चालला!" टॅबलेट आडवा केला आणि नाटक या काठापासून त्या काठापर्यंत पसरलं.

मास्टर टीव्हीच्या अगदी पुढे स्टुलावर बसले. गोष्टीकडे लक्षच नाही. खलनायक गोळी खाऊन पडला तर म्हणतात, "पाहा, एवढा पडला पण कोटाचं बखोट नाई उसवलं!" सून पदर तोंडाला लावून हसत होती. मी म्हटलं, "मास्टर, माणूस मेला तिथी." म्हणाले, "मरू द्या, दरसाल मरते."

मग ती आई आली. इन्स्पेक्टर पोराने तिच्याकडे पाहिलं, टोपी काढली, आणि धाड! पायावर.

"पाया पडला?" मास्टर म्हणाले.

"मंग मी इतकी वर्षं काय सांगून राह्यलो?"

भांडण मी जिंकलो होतो, पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते. कारण व्हिडिओ काढणाऱ्याने तेवढ्यात कॅमेरा लोकांकडे फिरवला होता. बाया पदर तोंडात धरून बसल्या होत्या. एक मिशीवाला खांद्यावरच्या दुपट्ट्याने नाक पुसत होता. एकाने शेंग फोडायला घेतली होती, ती तशीच बोटात राहिली होती. मास्टर माझ्या सुनेला म्हणाले, "बाई, टीव्हीचा आवाज गेला का?"

"नाही काका, चालू आहे. तिथंच कोणी बोलत नाही आहे."

"सारेच रडून राह्यले?"

"सारेच."

"मागं घे जरा."

तिने मागे घेतलं. पुन्हा धाड झालं, पुन्हा ती माणसं आली. मास्टरनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण घातलाच नाही. म्हणाले, "हात मोकळेच नाई त्याहिचे भाऊ. टाळी कायनं वाजवतीन?"

नाटक अर्धं बाकी होतं, पण ते उठले. मी म्हटलं, "बसा ना, पुढं लग्न आहे." म्हणाले, "लग्नाचे कपडे मालूम हायेत मले. घरी काम हाये." दुसऱ्या दिवशी दुकानाशी गेलो तर ब्लेड घेऊन जरीचा एकेक टाका काढत बसले होते, आणि शिट्टी वाजवत होते. मास्टरना शिट्टी वाजवताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी बसस्टँडवर मी पोचवायला गेलो. पोरीने त्यांना खिडकीपाशी बसवलं. बस सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून एक गठोडं माझ्या हातात दिलं. लुगडं होतं. म्हणाले, "कंपनीवाल्याले द्या. आन सांगा, याले इस्त्री नोका मारू. गरीब बाईच्या घरी इस्त्री नसते."

मास्टर उन्हाळ्यात नागपुरातच गेले. मातीला मी पोचलो नाही, बस चुकली.

यंदा आमच्या गावच्या मंडईत तीच कंपनी आली. संध्याकाळी मी जन्मात पहिल्यांदा पडद्यामागे गेलो. कपड्यांवर ठेवलेला नवा माणूस टेबलावर ते लुगडं पसरून इस्त्री गरम करत होता. मी जाऊन इस्त्रीचं बटणच बंद केलं. तो खेकसला, "ओ आजोबा, तुमी कोण?"

मी म्हटलं, "मी मास्टरचा माणूस."