शेंदराखालचा नंबर

आमच्याकडं खंडेनवमीला लोखंडाची पूजा असते. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, सगळं धुवायचं आणि ओवाळायचं. मी सासऱ्यांच्या जुन्या मोटारगाडीलाही सोडलं नाही. तिच्या इंजिनावर एका अंगाला बोटभर सपाट जागा होती, तिथं दरसाल तेलात कालवलेला शेंदूर थापत आले.

बहात्तरच्या दुष्काळात ते इंजिन जाम झालं, म्हणून आमचे मालक ते नेकनूरहून ट्रकात घालून बीडला घेऊन गेले. महिन्यानं आणून बसवलं तर आवाज वेगळा. पूर्वी घुमायची, आता खणखणीत बोलायला लागली. त्याच सुमारास गावच्या सोसायटीची निवडणूक आली. चेअरमन मालकच होणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. आणि माझे धाकटे दीर सोसायटीच्या ओट्यावर दहा माणसांत म्हणाले, "दादानं वडलांचं इंजिन इकलं अन् भंगारातलं बसिवलं. सोसायटीची ज्वारी काय सोडंल ह्यो?"

मालक एवढंच म्हणाले, "मोटारीचं बुक आण. त्यातला नंबर इंजिनावरच्या नंबराशी लावून बघ."

बुक दिरांकडं होतं. ते म्हणाले, हरवलं.

झालं. दीर चेअरमन झाले. वाटणीत मोटार आमच्या गळ्यात मारली, चोराचा माल चोराला म्हणून. आणि दुसऱ्याला काय नावं ठेवू बाई, आवाज मलाही वेगळाच वाटायचा. एकदा भाकरी वाढताना मी विचारलं, "खरं सांगा, इकलं का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. ताटातली भाकरी मोडली, खाल्ली, हात धुतला. त्यानंतर मरेपर्यंत मोटारीचा शब्द माझ्याशी काढला नाही.

गेल्या साली पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं, जुन्या गाड्या घेणारं. इंजिन मूळचंच असेल तर दुप्पट देतो म्हणालं, आणि बघायला एक मिस्त्री पाठवला. मोटार अजून सासऱ्यांच्याच नावावर, त्यामुळं दिरांचीही सही लागणार. आणि काय सांगू, इतकी वर्षं हरवलेलं बुक भाव ऐकल्याबरोबर दिरांच्या पेटीत सापडलं!

मिस्त्री रॉकेलचा बोळा घेऊन आत वाकला.

"मावशी, हा शेंदूर कुणी थापलाय?"

"मीच की."

"बरोबर नंबरावर थापलाय!"

खरवडत बसला बिचारा. बुक मी धरलं. आकडे मी लेकीच्या उजळणीच्या पुस्तकातून शिकलेली. तो लोखंडावरचा आकडा वाचायचा, मी बुकातला.

"पाच."

"पाच."

"शून्य."

"शून्य."

शेवटच्या आकड्याला मी बुकच त्याच्यापुढं केलं. त्यानंच बुकात बघितलं. मग नंबरावर बोट फिरवत म्हणाला, "घासून नवा ठोकलेला नाही. कारखान्यातल्या बारीक रेघा तशाच आहेत. इंजिन ह्याच गाडीचं, मावशी."

"मग आवाज कावून बदलला?"

"बोअर केलंय, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठं केलंय, पिस्टन नवे टाकलेत. बदलणारच आवाज."

दिरांनी मांडीवर थाप मारली. "लई झ्याक झालं, वयनी! आता दुप्पट!"

"भावजी, तुमी त्यांना चोर म्हणलं होतं."

"तवा दुष्काळ होता, वयनी. माणसं कायबी बोलायची."

"नंबर बघायला पाऊस लागतो व्हय?"

मी सांगितलं, सही करणार नाही. जिथं चोर म्हणालात, तिथंच चोर नव्हता म्हणा. दीर म्हणाले, "ऐकायला कोण ऱ्हायलंय?" त्या दहांतला एकच म्हातारा जिवंत होता, आणि तोही बहिरा, कानात ओरडावं तेव्हा ऐकणारा. म्हटलं, चालंल.

म्हाताऱ्याला धरून ओट्यावर आणलं. दीर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले.

"दादा चोर न्हवता!"

"कोण चोर?"

"न्हवता! दादानं इंजिन इकलं न्हवतं!"

दुकानातली, पारावरची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. म्हातारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग आता कावून सांगतूस बे?"

दीर ओट्यावरून खाली उतरले. मी घरी येऊन सही केली.

दिरांची सुटका एका बहिऱ्यावर झाली. मी मात्र माझ्या घरात, जेवत्या माणसाला विचारलं होतं. ते माघारी घ्यायला मला कुठला ओटा नाही.